रॉयल कॅम : आठ महिने वाढणारे पिल्लू आणि त्याचे थेट दर्शन

वन्य पक्ष्यांची घरटी रात्रंदिवस थेट दाखवणारे कॅमेरे आता अनेक देशांत बसवलेले आहेत आणि त्यांतील बहुतेक आपल्याला घरी बसून, एक पैसाही न देता पाहता येतात. गरुड, ससाणे, घुबडे, करकोचे असे कितीतरी पक्षी अंडी उबवताना आणि पिल्लांना भरवताना त्यांत दिसतात. या सगळ्यांतून एकच कॅमेरा निवडून त्याचा पूर्ण हंगाम पाहायचा असेल तर कोणता पाहावा, असे मला कोणी विचारले, तर मी न्यूझीलंडच्या ‘रॉयल कॅम’चे नाव सुचवीन. त्याच्या मर्यादा आहेत आणि त्यांविषयी पुढे लिहिलेच आहे. पण पक्ष्याचे बालपण म्हणजे काय, त्याला किती वेळ लागतो आणि त्यामागे किती कष्ट असतात, हे त्याच्याइतके स्पष्टपणे दाखवणारा दुसरा कॅमेरा माझ्या पाहण्यात नाही.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ड्युनेडिन शहराजवळ ओटागो द्वीपकल्प समुद्रात शिरलेला आहे. त्याच्या अगदी टोकाला तायारोआ हेड नावाचे उंच भूशिर आहे; तिथले मूळ रहिवासी असलेले माओरी लोक त्याला पुकेकुरा म्हणतात. तिथे नॉर्दर्न रॉयल अल्बट्रॉस, म्हणजे माओरींचा तोरोआ, वीण करतो. पसरलेल्या पंखांची लांबी सुमारे ३ मीटर असलेला हा पक्षी आयुष्याचा बहुतेक काळ समुद्रावर घालवतो आणि जमिनीवर येतो तो प्रामुख्याने वीण करण्यासाठीच. या जातीचे बहुसंख्य पक्षी दूरच्या चॅथम बेटांवर वीण करतात. न्यूझीलंडच्या मुख्य बेटांवर त्यांची वसाहत असलेली तायारोआ हेड ही एकमेव जागा आहे. न्यूझीलंड सरकारच्या संवर्धन खात्याने २०१६ साली येथील एका घरट्याचे चोवीस तास थेट प्रक्षेपण सुरू केले, आणि पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशास्त्र प्रयोगशाळा या कामात सहभागी झाली. दर हंगामात एक जोडी निवडली जाते आणि कॅमेरा तिच्या घरट्याजवळ हलवला जातो. हे प्रक्षेपण यूट्यूबवर सहज सापडते आणि त्यासाठी कुठेही नोंदणी करावी लागत नाही.

या पक्ष्याच्या विणीचा वेग समजून घेतल्याशिवाय कॅमेऱ्याचे मोल कळणार नाही. जोडी एका हंगामात एकच अंडे घालते, आणि पिल्लू यशस्वीपणे वाढले तर पुढचे वर्ष विश्रांतीचे जाते. म्हणजे दोन वर्षांत एक पिल्लू, हे त्यांचे उत्तमातले उत्तम यश. अंडे नोव्हेंबरच्या सुमारास घातले जाते. नर आणि मादी पाळीपाळीने ते सुमारे ८० दिवस उबवतात. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत पिल्लू बाहेर येते, त्यानंतर साधारण पाच आठवडे आईबापांपैकी एक जण सतत त्याच्यापाशी बसून राहतो, आणि मग दोघेही अन्नाच्या शोधात समुद्रावर निघून जातात. पिल्लू उडून जाते ते थेट सप्टेंबरात. आपल्या बाल्कनीतल्या कुंडीत बुलबुलाने घरटे केले तर अंड्यातून निघाल्यापासून अवघ्या दोन आठवड्यांत पिल्ले घरटे सोडतात आणि आपल्याला नीट बघायलाही सवड मिळत नाही. इथे मात्र एकाच पिल्लाची वाढ आठ महिने डोळ्यांसमोर होत राहते.

एवढा काळ पाहायचे काय, ही शंका नव्या प्रेक्षकाला येणे साहजिक आहे. पिल्लू बराच वेळ नुसते बसलेले असते. परंतु रोज थोडा वेळ पाहणाऱ्याच्या लक्षात येऊ लागते की, या बसण्यातही पुष्कळ काही चाललेले असते. ते चोचीच्या टप्प्यात येईल ते गवत उपटून स्वतःभोवती रचत असते. थोडे मोठे झाल्यावर ते मूळ घरटे सोडून चार पावले पलीकडे दुसरे घरटे करते, मग तिसरे. वारा कुठून येतो आहे ते पाहून ते तोंड फिरवते. वसाहतीत अजून जोडीदार न मिळालेले तरुण अल्बट्रॉसही येत असतात. ते एकमेकांसमोर पंख पसरून, मान आकाशाकडे उंचावून साद घालतात, आणि त्यांतला एखादा उत्सुकतेने पिल्लाजवळ येऊन उभा राहतो. ही साद ऐकण्यासाठी तरी आवाज बंद करून पाहू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. वाऱ्याचा सततचा घोंगाट, मधूनच सीगल पक्ष्यांचा कलकलाट आणि त्यातून उमटणारी ती ताणलेली हाक ऐकल्यावर त्या भूशिराचा उघडेपणा जसा जाणवतो, तसा केवळ चित्रातून जाणवत नाही.

भरवण्याचा प्रसंग हा सगळ्यांत पाहण्यासारखा असतो. काही दिवसांनी परतलेला पालक उतरतो, कधी सफाईने तर कधी अडखळत, कारण एवढ्या लांब पंखांनी जमिनीवर उतरणे त्याला सोपे नसते. पिल्लू त्याच्या चोचीवर आपल्या चोचीने भराभर टकटक करू लागते. मग पालक मान खाली घालतो, पिल्लू आपली चोच त्याच्या चोचीत आडवी धरते आणि पोटातून वर आणलेले माकूळ, मासे आणि तेलकट द्रव असे सारे थेट त्याच्या घशात उतरते. हे सगळे थोडक्यात आटोपते आणि बऱ्याचदा पालक लगेच समुद्राकडे परत फिरतो. अशा खाण्यावर वाढलेले पिल्लू मध्यंतरी आईबापांहूनही वजनदार होते. नंतर पिसे पुरी होऊ लागतात तशी पांढरी लव झडते, वजन उतरते, आणि ऑगस्टपासून ते वाऱ्याच्या झोतात पंख उघडून जागच्या जागी उचलले जाण्याचा सराव करू लागते. आदल्या महिन्यांत आपण त्याला किती लहान पाहिले होते हे आठवत असेल, तरच या सरावाचा अर्थ पूर्णपणे पोहोचतो. संकलित माहितीपटात हीच वाढ चार मिनिटांत उरकते आणि मधली वाट पाहणे गळून जाते. या पक्ष्याच्या बाबतीत ती वाट पाहणे हाच मुख्य भाग आहे, असे मला ठामपणे वाटते.

रॉयल कॅमचा खरा विशेष मात्र याहून वेगळा आहे. हा कॅमेरा पक्ष्याबरोबर त्याची काळजी घेणारी माणसेही दाखवतो आणि त्यांचे काम लपवत नाही. तायारोआ हेडची वसाहत माणसांच्या देखरेखीशिवाय टिकली नसती. १९३०च्या दशकात लान्स रिचडेल या अभ्यासकाने तिथे तळ ठोकून घरट्यांची राखण केली, आणि १९३८ साली त्या जागी पहिल्यांदा एक पिल्लू सुखरूप उडून गेले. त्याने १९३७ मध्ये पायात कडी घातलेली एक मादी पुढे ‘ग्रँडमा’ या नावाने प्रसिद्ध झाली. ती १९८९ मध्ये शेवटची दिसली तेव्हा तिचे वय ६० वर्षांहून अधिक असावे, असा अंदाज आहे. आजही तिथले पक्षी पायांतील रंगीत कड्यांवरून ओळखले जातात आणि त्या रंगांच्या इंग्रजी अक्षरांवरूनच त्यांचा उल्लेख केला जातो. सुरुवातीला ही अक्षरे कोरडी वाटतात, पण दोनतीन आठवड्यांत आपण स्वतःच कड्यांचे रंग पाहून ‘आज आई आली’, ‘आज बाप आला’ असे ओळखू लागतो.

वनरक्षकांचे काम अंड्यापासूनच सुरू होते. अंडे फुटण्याच्या वेळी माश्या तिथे अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या नवजात पिल्लाचा जीव घेऊ शकतात. म्हणून फुटायला आलेले अंडे उबवणी यंत्रात नेले जाते, पालकांखाली तोवर खोटे अंडे ठेवलेले असते, आणि पिल्लू बाहेर आल्यावर ते परत घरट्यात आणून ठेवले जाते. भर उन्हाळ्यात वारा पडला की, थंड प्रदेशासाठी घडलेल्या या दाट पिसांच्या पक्ष्यांना उष्णतेचा त्रास होतो, तेव्हा त्यांच्यावर तुषार सिंचनाने पाणी उडवले जाते. पिल्लांचे नियमित वजन केले जाते आणि ज्याचे वजन मागे पडते त्याला मासे भरवले जातात. पालक गमावलेले पिल्लू दुसऱ्या जोडीकडे दत्तक देण्याचीही पद्धत आहे. वजनाच्या दिवशी वनरक्षक येतो, पिल्लू चोच आपटून नापसंती व्यक्त करते, ते पिशवीत घालून तोलले जाते आणि पुन्हा जागेवर ठेवले जाते. हे सर्व कॅमेऱ्यासमोर घडते. संवर्धन हा शब्द आपण भाषणांतून पुष्कळ ऐकतो. रोजच्या कामाच्या पातळीवर त्यात काय काय करावे लागते, ते इथे कोणत्याही निवेदनाशिवाय दिसते, आणि माझ्या मते शाळांनी हे प्रक्षेपण मुलांना दाखवावे ते मुख्यतः याच कारणासाठी.

ज्याला कड्यांवरून ओजीके म्हणत, तो नर जगभरच्या प्रेक्षकांचा लाडका पक्षी होता. २०२२ मध्ये तो समुद्रावर गेला तो परत आला नाही. त्याच्या जोडीदारीणीला, वायआरकेला, त्या वर्षीचे पिल्लू एकटीने वाढवावे लागले आणि वनरक्षकांनी पिल्लाला पूरक आहार देऊन तिला साथ दिली. समुद्रावर त्याचे काय झाले हे कोणताही कॅमेरा दाखवू शकत नाही. एवढे मात्र ठाऊक आहे की, लांबच लांब दोरीला असंख्य गळ लावून केल्या जाणाऱ्या मासेमारीत आमिषावर झडप घालणारे अल्बट्रॉस अडकून बुडतात, आणि ही त्यांच्यावरील मोठ्या संकटांपैकी एक बाब आहे. दोरीमागे फडफडणाऱ्या पट्ट्या बांधणे, गळांना वजने लावून ते लवकर बुडतील असे करणे, रात्री दोऱ्या सोडणे, हे त्यावरचे उपाय माहीत असलेले आणि परवडणारे आहेत. घरट्यातील पिल्लाकडे महिनोन्‌महिने पाहिलेल्या माणसाला हे उपाय सक्तीचे का असावेत, ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

माणसाने असा हस्तक्षेप करावा का, हा प्रश्न इतर कॅमेरे पाहताना वेगळे उत्तर घेऊन समोर येतो. दक्षिण कॅलिफोर्नियातील बिग बेअर सरोवराजवळच्या पाइन वृक्षावर जॅकी आणि शॅडो ही बाल्ड ईगल जातीच्या गरुडांची जोडी राहते. त्यांची २०२३ ची अंडी डोमकावळ्यांनी खाल्ली. २०२४ मध्ये जॅकीने घातलेली तीन अंडी दोघांनी हिमवादळांतून, नेहमीच्या मुदतीच्या कितीतरी पुढे जाऊन उबवली, पण त्यांतून काहीच निघाले नाही. २०२५ च्या मार्चमध्ये तीनही अंड्यांतून पिल्ले बाहेर आली, त्यांतले एक त्याच महिन्यातल्या वादळात दगावले आणि उरलेली दोन, सनी आणि गिझ्मो, जूनमध्ये उडाली. या सगळ्यात घरट्यापाशी कोणीही गेले नाही. तिथे निसर्गक्रमात ढवळाढवळ न करण्याचे तत्त्व पाळले जाते आणि ते योग्यही आहे, कारण बाल्ड ईगल आता सावरलेली जात आहे. नॉर्दर्न रॉयल अल्बट्रॉस मात्र धोक्यातील जात म्हणून नोंदलेली आहे, आणि तायारोआ हेडवर तिच्या घरट्यांची संख्या इतकी थोडी आहे की, एकेक पिल्लू मोजावे लागते. दोन्ही कॅमेरे एकत्र पाहिले तर ‘मदत करा’ आणि ‘दूर राहा’ या दोन्ही भूमिका कुठे लागू पडतात, याचे उत्तर जातीच्या परिस्थितीत शोधावे लागते, हे आपोआप ध्यानात येते.

तिसरा उल्लेख करायचा तो कॉर्नेल विद्यापीठाच्याच आवारातील लाल शेपटीच्या बाजांचा. इथाका येथे क्रीडांगणाच्या दिव्यांच्या उंच खांबावर त्यांचे घरटे आहे आणि २०१२ पासून ते थेट दिसते. २००३ साली कडी घातलेली बिग रेड ही मादी, २०१७ मध्ये मरण पावलेला तिचा जोडीदार एझ्रा आणि २०१८ पासूनचा आर्थर, अशी दोन पर्वे प्रेक्षकांनी पाहिली आहेत. मार्चमध्ये अंडी, एप्रिलअखेर पिल्ले, जूनमध्ये उड्डाण, असा आटोपशीर हंगाम असल्याने ज्यांना आठ महिने देणे शक्य नाही त्यांनी इथून सुरुवात करावी. फक्त एवढे ध्यानात असू द्यावे की, शिकारी पक्ष्याचे घरटे म्हटल्यावर खारी, कबुतरे आणि इतर लहान जीव फाडून भरवले जाताना दिसणारच.

आपल्याकडच्या पक्षिप्रेमींच्या दृष्टीने या कॅमेऱ्यांचे आणखी एक महत्त्व आहे. कोकणात पावसाळ्याच्या तोंडाशी तिबोटी खंड्या मातीच्या दरडीत बीळ करतो, नवरंग झुडपात घरटे बांधतो, आणि त्यांच्या घरट्यांचा पत्ता फुटला की, छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी होते. आडवी येणारी फांदी छाटली जाते, पालक पक्षी अन्न चोचीत धरून दूर ताटकळत राहतो, आणि उघड्या पडलेल्या घरट्याकडे सापाचे वा कावळ्याचे लक्ष जाते. भारतीय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हेदेखील शिकारीच्या व्याख्येत येते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. घरट्यातील जीवन जवळून पाहण्याची ओढ चुकीची नाही. ती मलाही आहे. परंतु ती भागवण्यासाठी पक्ष्याची ओळख असलेल्या जाणत्या लोकांनी जबाबदारीने बसवलेला कॅमेरा हा असंख्य माणसांच्या पावलांपेक्षा केव्हाही बरा. अशा कॅमेऱ्यासमोर कितीही प्रेक्षक बसले तरी घरट्याजवळची माणसे वाढत नाहीत.

आता मर्यादांविषयी. कॅमेरा एका घरट्यावर रोखलेला असल्याने वसाहतीतील बाकीच्या पिल्लांचे काय चालले आहे ते क्वचितच समजते, आणि नाव मिळालेल्या एका पिल्लावर साऱ्यांचे प्रेम गोळा होते. नावे बहुधा लोकांच्या मतदानातून ठरतात. २०१६ ची मोआना, नंतरची कारेरे, २०२२ ची लिलिबेट यांची आठवण लोक काढतात; शेजारच्या बिननावाच्या पिल्लांची कोणी काढत नाही. दृश्य फार जवळून दाखवले जाते तेव्हा उतार, वारा आणि समुद्र यांचे भान सुटते, म्हणून कॅमेरा मागे घेऊन सारे भूशिर दाखवले जाते ते क्षण मला अधिक मोलाचे वाटतात. माहिती सगळी इंग्रजीत आहे, त्यामुळे मुलांना दाखवताना पालकांनी किंवा शिक्षकांनी शेजारी बसून सांगणे आवश्यक ठरते. लहान मुलांसोबत पाहणाऱ्यांनी हेही गृहीत धरावे की, हा खराखुरा वन्य पक्षी आहे आणि एखाद्या हंगामाचा शेवट दुःखदही होऊ शकतो.

वेळेचे गणित आपल्या सोयीचे आहे. न्यूझीलंड आपल्यापेक्षा तिथल्या हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैच्या सुमारास, साडेसहा आणि तिथल्या उन्हाळ्यात साडेसात तास पुढे असते. आपल्याकडे सकाळचे सहा वाजतात तेव्हा तिथे हिवाळ्यात दुपारचे साडेबारा झालेले असतात, आणि जून-जुलैमध्ये आपले साडेदहा वाजेपर्यंत तिथला उजेड सरतो. तेव्हा सकाळी चहाच्या वेळी पाहणे उत्तम. रात्रीचे दृश्य कृष्णधवल असते, त्यात पिल्लू पिसांत चोच खुपसून झोपलेले दिसते. इथाकाचे बाज पाहायचे असतील तर आपली संध्याकाळ योग्य, कारण तेव्हा तिथे सकाळ असते; बिग बेअरसाठी रात्री आठनंतरची वेळ बरी. मोबाइलवर पाहणाऱ्यांनी चित्राची प्रत थोडी कमी ठेवल्यास डेटाची बरीच बचत होते आणि पिल्लू तरीही नीट दिसते. शक्य असेल तर मोठ्या पडद्यावर पाहावे, विशेषतः ऑगस्टपासून पुढे.

ज्यांना पहिल्यांदाच सुरुवात करायची आहे त्यांनी फेब्रुवारी निवडावा. त्या महिन्यात पिल्लू पालकाच्या पोटाखालून अधूनमधून डोके बाहेर काढते, दोन्ही पालक पाळी बदलताना दिसतात आणि कड्यांचे रंग शिकून घ्यायला वेळ मिळतो. मार्च-एप्रिलनंतर पिल्लू एकटे राहू लागते, तेव्हा भरवण्याचा प्रसंग नशिबानेच सापडतो. थेट प्रक्षेपण काही तास मागे नेऊन पाहण्याची सोय आहे, तिचा अशा वेळी उपयोग करावा. सप्टेंबरात उडालेले पिल्लू पूर्वेकडे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात जाते आणि त्यानंतर काही वर्षे, साधारणपणे चारपाच, जमिनीवर येत नाही. पिल्लू उडाल्यापासून नोव्हेंबरपर्यंत कॅमेऱ्यात विशेष काही नसते. नवी अंडी पडली की कोणती जोडी निवडली जाते हे पाहायला मी तरी पुन्हा हजर असतोच.